पुंगळीची साक्ष

शस्त्राची पूजा आपल्याला नवी नाही. खंडेनवमीला नांदेड-लातूरच्या पोलीस शस्त्रागारांत रायफली पुसून ओळीने मांडल्या जातात, त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात. त्याच दिवसांत माहूरगडावर रेणुकामातेचे नवरात्र भरात असते, आणि जिच्या पोटी परशुराम जन्मला तिच्या मुलखात शस्त्राला देवत्व देताना कोणाच्या मनात शंका येत नाही. नांदेड तर शस्त्रांना रोज नमस्कार करणारे गाव आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंगजींनी जिथे देह ठेवला, त्या सचखंड हजूर साहिबात त्यांची शस्त्रे जपलेली आहेत. संध्याकाळच्या अरदास प्रार्थनेनंतर त्यांचे दर्शन घडवतात, आणि दिवाळीला गोदावरीचे पाणी घागरींनी आणून तख्तस्नान होते तेव्हा त्या शस्त्रांचीही स्वच्छता होते. या सेवेकडे नीट पाहिले तर कळते की पुसणारा हात पुसता पुसता पाहतही असतो. कुठे डाग धरला, कुठे धार गेली, कुठे सांधा सैल झाला हे त्याला ठाऊक होत जाते, आणि हे ठाऊक होणे पूजेचाच भाग असते. पण जे शस्त्र आपल्या पोटात अग्नी धारण करते, ज्याच्या आत बोट जात नाही आणि डोळा पोचत नाही, त्याची प्रकृती कशी जाणावी? तिथे साक्षीदार लागतो. जुन्या रायफलीच्या बाबतीत तो साक्षीदार म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरणारी पितळेची रिकामी पुंगळी. या पुंगळीच्या साक्षीचाच विचार आज सावकाश करायचा आहे.

रायफल कोणती, हे आधी सांगितले पाहिजे. मराठवाड्यात कोणत्याही जुन्या पोलिसासमोर ‘थ्री नॉट थ्री’ म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. जेम्स पॅरिस ली याने रचलेला बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड मिटणारा सरकता तुकडा, इंग्लंडच्या एनफील्ड कारखान्याचे नाव, 1907 साली ठरलेला मार्क तीन हा नमुना, आणि पुढे बंगालमधल्या इशापूरला घडलेल्या तिच्या असंख्य बहिणी, असे हे ली-एनफील्डचे घराणे. 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय सैन्याच्या हातात ती होती आणि निजामाच्या फौजेकडेही होती; त्याच वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरून निजामासाठी चोरून शस्त्रे आणत होता, आणि ती विमाने जिथे उतरत त्यांतले बीदर आपल्या उदगीरपासून फार लांब नाही. पुढे कित्येक दशके हीच रायफल पोलिसांच्या खांद्यावर राहिली. परवान्यावर एखाद्या शेतकऱ्याच्या घरी असते ती .315 ची रायफलही याच बोल्टच्या वंशातली. इतके वय झालेले, इतक्या हातांतून गेलेले, युद्ध आणि पावसाळे पाहिलेले यंत्र बाहेरून कितीही लखलखीत दिसले, तरी त्याच्या चेंबरचे, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीचे, खरे वय त्या लखलखाटावरून कळत नाही. पोलाद मुके असते. साक्ष द्यायची ती पितळेनेच.

पितळच का, हे समजून घेतले की साक्षीचा पहिला पदर उलगडतो. काडतुसाची पुंगळी साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांची. तांबट पत्र्यावर ठोके देतो तसा पत्रा कडक होत जातो आणि भट्टीत तापवला की पुन्हा नमतो, तोच धातुधर्म वापरून पुंगळीचे बूड जाड, भरीव आणि कणखर ठेवलेले असते, भिंत वर जाता जाता पातळ होत जाते, आणि खांद्यापासून मानेपर्यंतचा भाग मुद्दाम तापवून मऊ केलेला असतो. एकाच भांड्यात कठोरपणा आणि नम्रता अशी दोन्ही टोके नांदतात. बुडाला बाहेरच्या बाजूने एक कडा असते; .303 च्या काडतुसाला चेंबरमध्ये किती आत जायचे हे ही कडाच सांगते, खांदा सांगत नाही. एवढे ध्यानात ठेवावे, पुढच्या साऱ्या निदानाचा पाया यावर आहे.

आता गोळी सुटण्याचा क्षण डोळ्यांपुढे आणू. चाप ओढला, पिन काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आदळली, त्या धक्क्याने काडतूस कणभर पुढे सरकले आणि कडा चेंबरच्या मागच्या तोंडावर टेकली. आतली दारू पेटली, एका चौरस इंचावर अठरा-एकोणीस टनांचा भार उभा राहिला, आणि पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरच्या पोलादाला चारी बाजूंनी अशी घट्ट बिलगली की मागे वायूचा एक झोतही येऊ नये. भिंत जागीच बिलगून राहते. बूड मात्र जाड असल्याने बिलगत नाही, ते मागे सरकून बोल्टच्या तोंडावर टेकते. बोल्ट आणि बूड यांच्यात जेवढी मोकळी जागा होती तेवढे पितळ ताणले जाते. मग दाब ओसरतो, पितळ किंचित आकसते, पोलादाला सोडते, आणि बोल्ट मागे ओढताच पुंगळी टणकन बाहेर पडते. हा सारा व्यवहार डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो, पण चेंबरच्या भिंतीचा प्रत्येक खडबडीतपणा, प्रत्येक पोकळी, बोल्टने दिलेली किंवा न दिलेली साथ त्या पितळावर उमटून गेलेली असते. पितळ नमले नसते तर त्याने काहीच सांगितले नसते.

इथे वेदान्तातल्या साक्षीची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि दोहोंतला भेदही पाहिला पाहिजे. आपण ज्याला साक्षी म्हणतो तो आत्मा पाहतो पण लिप्त होत नाही. सुखदुःखाचे प्रवाह त्याच्यासमोरून वाहतात आणि तो कोरडा राहतो. पुंगळीची साक्ष याच्या नेमकी उलट जातीची आहे. ती त्या अग्नीत सापडलेली आहे, तिने तो भार अंगावर घेतला आहे, आणि अंगावर घेतल्यामुळेच तिच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे. मला वाटते, परमार्थातही दोन्ही साक्षींना जागा आहे: एक साक्षी अलिप्त राहून सत्य जाणतो, दुसरा सत्याचा ठसा देहावर वागवतो, आणि हजूर साहिबातल्या शस्त्रांकडे पाहताना ज्या भक्ताचा कंठ दाटतो तो या दुसऱ्या जातीच्या साक्षीपुढेच उभा असतो.

बोल्ट आणि बूड यांच्यातल्या त्या मोकळ्या जागेकडे परत येऊ, कारण जुन्या रायफलीच्या बहुतेक व्याधींचे मूळ तिथे असते. शस्त्रे दुरुस्त करणारे आर्मोरर तिला हेडस्पेस म्हणतात. ती अजिबात नको म्हणून चालत नाही. कडा नेहमी एकाच जाडीची नसते, काडतुसावर धूळ असते, आणि जागाच ठेवली नाही तर बोल्ट मिटणार नाही. पण ती वाढलीही नाही पाहिजे. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले 64 भाग जाडीचे गेज घालून बोल्ट मिटला पाहिजे आणि 74 भाग जाडीच्या गेजवर मिटता कामा नये, अशी सैन्यातली मर्यादा होती. या दोहोंतला फरक पाव मिलिमीटर! शंभर वर्षांच्या यंत्राचे आरोग्य इतक्या बारीक पट्टीत मावते. गेज घालताना आधी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, काढून ठेवायचा, चेंबर कोरडे आणि स्वच्छ पुसायचे, आणि बोल्टची मूठ बोटाच्या हलक्या स्पर्शाने खाली आणायची. जोर लावला की पोलाद दबते आणि मोजमाप हवे ते उत्तर देऊ लागते. ली-एनफील्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, नळीच्या तोंडाशी नाही, त्यामुळे गोळी सुटताना सगळा सांगाडा थोडा ताणला जातो, आणि गेजने शांतपणे मोजलेल्या जागेपेक्षा पितळाला प्रत्यक्षात जास्त ताण सोसावा लागतो. म्हणून गेजचा निकाल लागल्यावरही पुंगळीची साक्ष घ्यावीच लागते. गेज निजलेली रायफल मोजते. पुंगळीने जागी रायफल पाहिलेली असते.

त्या साक्षीतली सर्वांत महत्त्वाची खूण अशी. पुंगळी स्वच्छ पुसून उजेडात धरावी आणि बुडाच्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर वर, जिथे भरीव बूड संपून भिंत सुरू होते, तिथे हळूहळू फिरवत पाहावे. तिथे भोवताली गेलेली एक बारीक, उजळ, भिंतीच्या इतर भागापेक्षा फिकट अशी रेघ दिसली तर समजावे की पितळ तिथे ताणून पातळ झाले आहे. हाच ताण वाढला की पुंगळी तिथे तुटते: बूड बोल्टबरोबर बाहेर येते आणि पुढचा नळकांड्यासारखा तुकडा चेंबरमध्येच राहतो, आणि त्या तुटीतून अग्नी मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे, येऊ शकतो. रेघ दिसली की दुसरी परीक्षा घ्यावी. एका पातळ कडक तारेचे टोक काटकोनात जरासे वाकवून, टोक अणकुचीदार करून, ते मानेतून आत सोडावे, भिंतीला टेकवावे आणि बुडापासून वर हळूच ओढत यावे. धडधाकट पुंगळीत तार गुळगुळीत सरकते. ताणलेल्या पुंगळीत त्या रेघेपाशी ती एका खाचेत किंचित अडखळते. बोटांना हे एकदा कळले की ती ते पुन्हा विसरत नाहीत. डोळ्याने दिलेली साक्ष बोटाने पारखावी लागते, कारण साक्षीदार खरा असला तरी ऐकणारा चुकू शकतो.

ऐकणारा कुठे चुकतो तेही सांगतो. बुडाच्या वर जिथे भिंत फुगायला सुरुवात होते तिथे प्रत्येक पुंगळीवर एक पायरी पडतेच. ती आणि ती बारीक उजळ रेघ एक नव्हे. तसेच झाडलेल्या पुंगळीचा खांदा नव्या काडतुसापेक्षा पुढे सरकलेला, गोलसर झालेला दिसतो, आणि नवखा माणूस म्हणतो, चेंबर बिघडले. तसे नसते. पहिल्या महायुद्धाच्या चिखलात काडतुसे मातीने माखलेली येत, कारखानोकारखानी माप थोडे इकडेतिकडे होई, म्हणून या रायफलीचे चेंबर मुद्दाम ऐसपैस राखलेले असते; .303 मध्ये खांद्याला बंधन नसल्याने तो पुढे गेला तरी गोळी झाडणाऱ्याला धोका नाही. पुंगळीच्या एका बाजूला जरा जास्त फुगवटा दिसतो तोही बहुधा याच ऐसपैसपणाने येतो, कारण काडतूस चेंबरच्या तळावर पहुडलेले असते आणि वरच्या बाजूला जास्त जागा उरते. निसर्गधर्माला रोग समजणे हा निदानातला मोठा दोष आहे. उलट दिशेचीही एक फसवणूक असते, आणि ती जास्त वाईट. चेंबरमध्ये तेल राहिले तर पितळ भिंतीला बिलगत नाही, सगळी पुंगळीच मागे घसरते; ताण येत नाही, उजळ रेघ दिसत नाही, आणि वाटते सगळे छान आहे, पण तो सारा भार बोल्टवर गेलेला असतो. इंग्लंडात नव्या रायफलीची कसोटी घेताना एक काडतूस मुद्दाम तेल लावून झाडत, ते बोल्टची ताकद पाहण्यासाठीच. तेलकट चेंबर साक्षीदाराचे तोंड बंद करते. म्हणून साक्ष घ्यायच्या दिवशी चेंबर कोरडे असावे, हा नियम मी फार मोठा मानतो.

आता चेंबरच्या त्वचेविषयी. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते जळल्यावर मिठासारखा एक क्षार नळीत मागे राहतो. हा क्षार हवेतले पाणी ओढतो आणि पोलाद खातो. तेलात तो विरघळत नाही. पाण्यात विरघळतो, म्हणून जुने आर्मोरर नळीतून उकळते पाणी ओतत, मग कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी, असा क्रम पाळत. पण एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: चेंबर नळीपेक्षा बरेच रुंद असते, त्यामुळे पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, बांधलेली जी चिंधी नळीत घट्ट घासत जाते, ती चेंबरमधून मात्र भिंतीला नीट न लागताच निघून जाते. त्यासाठी चेंबरची वेगळी काठी असते, ती फिरवावी लागते. नळी आरशासारखी आणि चेंबर गंजलेले, अशी रायफल म्हणूनच सापडते, आणि नळीतून उजेड पाहून तिला उत्तम ठरवणारा पुंगळीच्या साक्षीकडे पाठ फिरवतो. गंजाने चेंबरमध्ये खड्डे पडले की दाबाखाली पितळ त्या खड्ड्यांत शिरते, आणि पुंगळीवर बारीक पुटकुळ्या उठतात. नखाने चाचपले तरी लागतात. खड्ड्यात अडकलेले पितळ सुटत नाही, बोल्ट मागे ओढायला तळहाताचा ठोका लागतो, एक्स्ट्रॅक्टर कडेला कुरतडतो. लांबीच्या दिशेने ओरखडे असतील तर आत रेती आहे किंवा पृष्ठभाग खरखरीत आहे. मानेपासून खांद्याच्या खालपर्यंत काजळी उतरली असेल तर पितळ वेळेवर बिलगले नाही, एकतर दारू दुबळी किंवा मान कडक झालेली.

इथवर आपण असे धरून चाललो की दोष चेंबरचा आणि पुंगळी नुसती सांगणारी. पण साक्षीदार स्वतःच आजारी असू शकतो. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानातच हे प्रथम उमगले. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना, एकही गोळी न झाडता, आपोआप तडे जात. पावसाळ्यातच होते म्हणून त्याला ऋतूचा तडा म्हणू लागले. कारण मात्र बराच काळ सापडले नाही. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते दाखवून दिले: घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसतो, आणि घडवताना पितळात जो ताण शिल्लक राहिलेला असतो त्याच्याशी मिळून त्याला फोडतो. तो शिल्लक ताण माफक उष्णता देऊन आधीच काढून टाकला की तडा जात नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात काडतुसांचा डबा गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवलेला असला, तर हे ध्यानात घ्यावे. अशा काडतुसाची मान झाडल्यावर फाटली तर त्यात चेंबरचा अपराध काय? बुडावर सहसा कारखान्याची खूण आणि सालाचे आकडे असतात. खडकीचा कारखाना 1869 पासूनचा, त्याच्या पुंगळ्यांवर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे दिसतात. साक्ष ऐकण्याआधी साक्षीदाराचे वय आणि गाव विचारावे.

मग दोष पुंगळीचा की चेंबरचा, हे कसे ठरवायचे? न्यायालयात जी उलटतपासणी असते तीच इथे. अधिकृत गोळीबार मैदानावर, जाणत्या आर्मोररच्या देखरेखीखाली, काडतूस चेंबरमध्ये घालताना त्याच्या वरच्या अंगाला शाईची एक बारीक रेघ ओढतात. अशी चार-पाच काडतुसे झाडून पुंगळ्या रेघेने रेघ जुळवून ओळीत मांडतात. पुटकुळी, ओरखडा, फुगवटा प्रत्येकीवर रेघेपासून त्याच ठिकाणी आला, तर बोलते आहे ते चेंबर, कारण चेंबर जागचे हलत नाही. दोष कधी इकडे कधी तिकडे भटकला, तर तो पितळाचा. मग अदलाबदल करतात: याच पेटीतली काडतुसे एका निरोगी रायफलीत, आणि दुसऱ्या सालची, दुसऱ्या कारखान्याची काडतुसे या रायफलीत. दोष रायफलीबरोबर राहिला की काडतुसाबरोबर गेला, ते उघड होते. एका पुंगळीच्या साक्षीवर कोणत्याही रायफलीला शिक्षा देऊ नये, आणि एका पुंगळीच्या साक्षीवर निर्दोष तर मुळीच सोडू नये.

ही उलटतपासणी घाईने केली तर काय होते याचे उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे. कॅनडाच्या फौजेकडे सर चार्ल्स रॉस याची रायफल होती, नेमाला उत्तम, चेंबर अगदी नेटके आणि अरुंद. एप्रिल 1915 मध्ये ईप्रच्या लढाईत ती अडकू लागली. सैनिक बोल्टवर बुटाच्या टाचा मारत, आणि पडलेल्या ब्रिटिश जवानांच्या ली-एनफील्ड उचलून घेत. एक पक्ष म्हणाला, इंग्लंडची काडतुसे जाड आहेत, रायफल निर्दोष. दुसरा म्हणाला, चेंबर फार अरुंद. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, म्हणून चेंबर रुंद केले गेले, पण व्याधी पुरती हटली नाही. बोल्ट मागे थांबवणारा तुकडा लहान होता, त्यावर आपटून बोल्टच्या आट्यांचे टोक चेपत असे, आणि चेपलेली आटी पुढच्या वेळी अडे. पुंगळ्यांवर आणि चेंबरवर सगळ्यांचे डोळे लागले होते. बोल्टच्या आट्यांची साक्ष उशिरा घेतली गेली, आणि 1916 मध्ये कॅनडाच्या फौजेने ती रायफलच खाली ठेवली. खंदकातल्या मुलांनी त्याची जी किंमत मोजली ती आठवली की निदानातली घाई मला पाप वाटते.

टोपीचीही एक साक्ष असते. ती थोडक्यात पाहू. टोपी सपाट होऊन खोबणीत पसरली असेल तर दाब जास्त. बुडाच्या पातळीबाहेर डोकावत असेल तर दाब कमी आणि मागची जागा जास्त, कारण दाब पुरेसा नसल्याने बूड मागे ढकलले गेले नाही, टोपी मात्र सरकली. पिनेचा ठसा उथळ आणि गोळी सुटलीच नाही, तर कधी पिनेचा दोष असतो, पण कधी जागाच इतकी वाढलेली असते की काडतूस पिनेपुढे पळते. अशा वेळी बोल्ट लगेच उघडू नये, उशिरा पेटणारी दारूही असते. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानातल्या हुतात्मा स्मारकापाशी आपण मान खाली घालून उभे राहतो, तिथे पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. त्या काडतुसांत गोळी नसते, दाब फार थोडा असतो, त्यामुळे त्या पुंगळ्या चेंबरविषयी फारसे बोलत नाहीत. ज्याने पूर्ण भार सोसला नाही त्याची साक्ष निदानाला पुरत नाही. सलामीच्या फैरी वर्षानुवर्षे बिनबोभाट झाडणारी रायफल खऱ्या काडतुसाला तोंड देऊ शकेल, असे त्यावरून धरू नये.

साक्ष पूर्ण झाली की उपाय. हेडस्पेस थोडे वाढले असेल तर या रायफलीची रचना उपकारक आहे: बोल्टचे डोके वेगळे निघते आणि जरा लांब डोके बसवून मोकळी जागा कमी करता येते; चौथ्या नमुन्यात तर ही डोकी 0 ते 3 अशा क्रमांकांनी ठरलेली असत. डोके बदलूनही जागा वाढत राहिली तर झीज बोल्टच्या दांड्यांत किंवा त्या जिथे टेकतात त्या खाचांत आहे, आणि तिथे वरवरचा उपाय म्हणजे रोग्याला रंग लावण्यासारखे आहे. चेंबरमध्ये खोल खड्डे असतील तर नळी बदलावी. घासून गुळगुळीत करण्याचा मोह फार होतो, पण घासल्याने चेंबर रुंद होते आणि पुढची पुंगळी फाटते. दोहोंना उपाय नसेल तर रायफल सेवेतून काढून तिच्यावर ‘डीपी’ अशी खूण करतात, चेंबरला आरपार भोक पाडतात. आपल्या महाविद्यालयांतली एनसीसीची मुले कवायतीत खांद्यावर घेतात त्यांतल्या कित्येक अशाच असतात. त्या भोकामुळे अशी रायफल पुन्हा कधी काडतूस झाडणार नाही याची खात्री होते, आणि ही खात्री संचलनाच्या मैदानावर फार मोलाची आहे.

शेवटी, ज्यांच्या वाड्यात माळ्यावर, भिंतीतल्या कोनाड्यात किंवा आजोबांच्या पेटीत अशी एखादी रायफल निघेल त्यांच्यासाठी. .303 ही सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. सापडली तर तिचा बोल्ट ओढून पाहू नये, काडतूस घालून तर नाहीच नाही, पोलीस ठाण्यात कळवावे. तिच्याबरोबर काडतुसे किंवा रिकाम्या पुंगळ्या असतील तर त्या चिंचेने घासून चकचकीत करू नयेत, वेगळ्या डब्यात भरू नयेत, आणि पोरांना खेळायला तर देऊच नयेत. ज्या अवस्थेत आहेत त्याच अवस्थेत, काजळीसकट आणि मळासकट, दाखवाव्यात, म्हणजे आर्मोररला बोल्ट उघडण्याआधी त्या हातात घेऊन उजेडाकडे धरता येतील.